घरगुती प्रेशर वॉशर

घरगुती प्रेशर वॉशर हे पाण्याचा दाब वाढवून त्याचा वेगवान झोत पृष्ठभागावर सोडणारे आणि त्या झोताच्या आघाताने चिखल, धूळ, शेवाळ व चिकटलेला मळ काढून टाकणारे यंत्र होय. मराठीत त्याला उच्चदाब धुलाई यंत्र असेही म्हणता येते. बाजारात व बोलण्यात मात्र 'प्रेशर वॉशर' हेच नाव रूढ आहे. वाहने, अंगण, गच्ची, कुंपणाची भिंत, फाटक, बागेतील फरसबंदी आणि डासांच्या जाळ्या धुण्यासाठी त्याचा वापर होतो. घरगुती यंत्रांचा दाब साधारणपणे ८० ते १५० बार, तर पाण्याचा प्रवाह मिनिटाला ५ ते ८ लिटर असतो. तुलनेसाठी, घरातील नळाच्या पाण्याचा दाब सहसा ४ बारपेक्षा अधिक नसतो.

यंत्राची निवड बहुधा खोक्यावर छापलेल्या दाबाच्या आकड्यावरून केली जाते. प्रत्यक्षात धुलाईचा परिणाम दाब, प्रवाह, नोझलचा कोन आणि पृष्ठभागापासूनचे अंतर या चार बाबींवर एकत्रितपणे अवलंबून असतो. शिवाय घरातील वीजजोडणी व पाणीपुरवठा यंत्राला पुरेसा नसेल, तर छापलेला दाब मिळतच नाही. गरजेपेक्षा अधिक दाबामुळे गाडीचा रंग, दगड, टायर आणि प्रसंगी मानवी शरीर यांना इजा होऊ शकते. त्यामुळे 'अधिक दाब म्हणजे अधिक चांगले यंत्र' हे समीकरण घरगुती वापरात टिकत नाही.

इतिहास

दाबाखालील पाण्याने व वाफेने धुण्याची यंत्रे प्रथम कारखाने आणि वाहनदुरुस्तीच्या जागी वापरात आली. अमेरिकेत १९२० च्या दशकात तयार झालेल्या वाफेच्या धुलाई यंत्राचे श्रेय फ्रँक ऑफेल्ट यांना दिले जाते. जर्मनीत आल्फ्रेड कार्शर यांच्या कंपनीने १९५० मध्ये 'डीएस ३५०' हे गरम पाण्यावर चालणारे उच्चदाब यंत्र बाजारात आणले. ही सर्व यंत्रे आकाराने मोठी, वजनाने जड आणि व्यावसायिक वापरासाठीच होती. याच कंपनीने १९८४ मध्ये 'एचडी ५५५ प्रोफी' हे सहज हलवता येणारे यंत्र आणले आणि तेथून घरगुती प्रेशर वॉशरचा प्रसार सुरू झाला.

भारतात घरगुती यंत्रांच्या आधीपासून वाहने धुण्याच्या व्यवसायात दट्ट्याचे मोठे पंप वापरात होते. महाराष्ट्रात द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत फवारणीसाठी वापरला जाणारा 'एचटीपी' पंप हाही याच जातीचा आहे. त्याचा दाब साधारणपणे २० ते ४० बार, म्हणजे घरगुती प्रेशर वॉशरपेक्षा बराच कमी असतो. परंतु पाण्याचा प्रवाह अधिक असल्याने ट्रॅक्टरचा चिखल धुण्यास तो उपयोगी पडतो. केवळ दाबावरून यंत्राची क्षमता ठरत नाही, याचे हे परिचित उदाहरण आहे.

रचना व कार्य

प्रेशर वॉशरमध्ये मोटर किंवा इंजिन, पंप, उच्चदाबाची नळी, चाप असलेली बंदूक, तिच्या पुढील दांडा आणि टोकाचे नोझल हे प्रमुख भाग असतात. पाणी आत येते त्या ठिकाणी एक बारीक गाळणी बसवलेली असते.

बहुतेक घरगुती यंत्रांच्या पंपात तीन लहान दट्टे असतात. मोटरीने फिरणारी तिरकी तबकडी हे दट्टे आळीपाळीने पुढे-मागे ढकलते. दट्ट्या मागे जाताना एक झडप उघडून पाणी आत येते. पुढे येताना ती मिटते आणि दुसऱ्या झडपेतून पाणी नळीकडे लोटले जाते. एकाच दिशेने उघडणाऱ्या या झडपांमुळे पाणी उलट फिरू शकत नाही.

पंप मुख्यतः प्रवाह निर्माण करतो. दाब निर्माण होतो तो नोझलच्या अरुंद छिद्रामुळे. पंपाने लोटलेले पाणी त्या छिद्रातून जाताना अडते आणि त्याच्या मागे दाब साठतो. यामुळेच झिजून मोठे झालेले नोझल बसवले, की पंप व मोटर ठणठणीत असूनही झोत क्षीण होतो. त्याचप्रमाणे एका यंत्राचे नोझल वेगळ्या प्रवाहाच्या दुसऱ्या यंत्राला लावल्यास दाब बदलतो.

चाप सोडल्यावर पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. अशा वेळी काही यंत्रांतील झडप पाणी पंपातच फिरवत ठेवते, तर अनेक घरगुती यंत्रांत मोटर आपोआप थांबते. पहिल्या प्रकारच्या यंत्रात चाप सोडून मोटर बराच वेळ चालू ठेवल्यास आतील पाणी तापते आणि पंपातील रबरी सील खराब होतात.

दाब, प्रवाह आणि शक्ती

दाब बार, मेगापास्कल किंवा पीएसआय या एककांत छापलेला असतो. १ बार म्हणजे ०.१ मेगापास्कल आणि सुमारे १४.५ पीएसआय. त्यामुळे १,४५० पीएसआय आणि १०० बार हे एकाच दाबाचे दोन आकडे होत. पीएसआयमधील आकडा मोठा दिसत असल्याने दोन यंत्रांची तुलना करण्यापूर्वी एकक समान करून घेणे आवश्यक ठरते. प्रवाहाबाबतही हेच लागू पडते: ताशी ३६० लिटर म्हणजे मिनिटाला ६ लिटर.

दाब पाण्याला वेग देतो. १०० बार दाबाने नोझलमधून निघणाऱ्या पाण्याचा सैद्धांतिक वेग सेकंदाला सुमारे १४१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच दाब दुप्पट केला तरी वेग दुप्पट न होता सुमारे ४१ टक्क्यांनीच वाढतो. चिकटलेला मळ सुटण्यासाठी वेग उपयोगी पडतो, तर सुटलेला मळ वाहून नेण्यासाठी पाण्याचा प्रवाह लागतो. शेवाळ सुटले तरी प्रवाह अपुरा असल्यास ते फरशीवरच पसरत राहते आणि काम लांबते.

दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे पाण्याला मिळणारी शक्ती. बारमधील दाबाला मिनिटाच्या लिटरने गुणून ६०० ने भागल्यास ही शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. १०० बार आणि ६ लिटर असलेल्या यंत्राची शक्ती १ किलोवॅट भरते. मोटर व पंप यांत काही ऊर्जा वाया जात असल्याने अशा यंत्राची मोटर त्याहून मोठी, साधारणपणे १,४०० वॅटच्या आसपास, असावी लागते.

या गणिताने खोक्यावरील दाव्यांची पडताळणी करता येते. समजा, एखाद्या यंत्रावर १,६०० वॅट, १५० बार आणि मिनिटाला ८ लिटर असे आकडे आहेत. १५० गुणिले ८ भागिले ६०० म्हणजे २ किलोवॅट. १.६ किलोवॅटची मोटर २ किलोवॅट शक्ती देऊ शकत नाही. अर्थात हा दाब आणि हा प्रवाह एकाच वेळी मिळत नाहीत. बहुधा त्यांपैकी एक किंवा दोन्ही आकडे कमाल मर्यादेचे असतात.

कमाल दाब आणि कार्यकारी दाब यांतील फरक याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. कमाल दाब हा यंत्रात क्षणभर निर्माण होऊ शकणारा किंवा यंत्र सहन करू शकणारा दाब असतो. प्रत्यक्ष धुताना सलग मिळतो तो कार्यकारी दाब होय, आणि तो कमाल दाबापेक्षा बराच कमी असू शकतो. दोन यंत्रांची तुलना नेहमी कार्यकारी दाब व कार्यकारी प्रवाह यांच्या आधारेच करावी.

नोझल आणि अंतर

झोत किती पसरतो हे नोझलच्या कोनावरून ठरते. सुट्या नोझलांसाठी पुढील रंगसंकेत प्रचलित आहे:

- लाल (० अंश): एका बिंदूवर एकवटणारा झोत. घरगुती कामात त्याची गरज क्वचितच पडते. तो दगड, लाकूड व रंग यांवर ओरखडे पाडू शकतो.
- पिवळा (१५ अंश): काँक्रीटवरील घट्ट मळ व जुने शेवाळ यांसाठी.
- हिरवा (२५ अंश): फरशी, भिंत व वाहनांच्या चाकांवरील चिखल यांसाठी.
- पांढरा (४० अंश): वाहनांचा रंगीत पत्रा, काच व नाजूक पृष्ठभाग यांसाठी.
- काळा (६५ अंश): कमी दाबाने साबणाचे पाणी सोडण्यासाठी.

अनेक घरगुती यंत्रांना सुटी नोझले न देता कोन किंवा दाब बदलता येणारा फिरता दांडा दिलेला असतो. गोल फिरणाऱ्या झोताचे 'टर्बो नोझल' शून्य अंशाच्या झोतालाच वेगाने फिरवते. ते काँक्रीटसाठी प्रभावी असले तरी वाहनाच्या रंगावर वापरू नये.

३० सेंटिमीटर अंतरावरून १५ अंशांचा झोत सुमारे ८ सेंटिमीटर, २५ अंशांचा सुमारे १३ सेंटिमीटर, तर ४० अंशांचा सुमारे २२ सेंटिमीटर रुंद पट्टा व्यापतो. पाणी तेवढेच असल्याने पट्टा जितका रुंद, तितका प्रत्येक बिंदूवरील आघात सौम्य. अंतर वाढवल्यास पट्टा रुंदावतोच, शिवाय हवेच्या अडथळ्याने झोताचे थेंब होऊन त्यांचा वेगही घटतो. म्हणून अंतर हे वापरकर्त्याच्या हातातील सर्वांत सोपे दाबनियंत्रण होय. काम दुरून सुरू करून गरजेनुसार हळूहळू जवळ जाणे ही सुरक्षित पद्धत मानली जाते.

पृष्ठभागानुसार निवड

पुढील तक्त्यातील आकडे साधारण मार्गदर्शनासाठी आहेत. कोणत्याही पृष्ठभागावर प्रथम एका कोपऱ्यात चाचणी घेणे आवश्यक असते.

| पृष्ठभाग | यंत्राचा कार्यकारी दाब | नोझल | किमान अंतर |
|---|---|---|---|
| मोटारगाडीचा पत्रा | ८० ते १०० बार | ४० अंश | ३० ते ५० सेंटिमीटर |
| दुचाकी | ८० बार किंवा कमी | ४० अंश | ५० सेंटिमीटर |
| काँक्रीटचे अंगण, वाहनतळ | ११० ते १५० बार | १५ किंवा २५ अंश | २० ते ३० सेंटिमीटर |
| पेव्हर ब्लॉक | १०० ते १२० बार | २५ अंश | ३० सेंटिमीटर |
| शहाबादी, कोटा व कडप्पा फरशी | ९० ते ११० बार | २५ किंवा ४० अंश | ३० सेंटिमीटर |
| रंगवलेली बाहेरची भिंत | ६० ते ८० बार | ४० अंश | ५० सेंटिमीटर |

मोटारगाडी धुताना टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून झोत मारू नये. त्यामुळे आतील थरांना होणारी इजा बाहेरून दिसत नाही आणि टायर पुढे वेगात असताना फुटू शकतो. दुचाकीच्या चाकांचे बेअरिंग, साखळी, सायलेन्सरचे तोंड आणि विजेची जोडणी यांत पाणी शिरल्यास वंगण निघून जाते व गंज धरतो. जेथे रंगाला आधीच टवके आले आहेत, तेथे झोत रंगाखाली शिरून तो आणखी सोलून काढतो.

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतील वाळू झोताने निघून जाते. धुलाईनंतर ती पुन्हा भरली नाही तर ब्लॉक हलू लागतात. मोठ्या सपाट फरशीसाठी 'सरफेस क्लीनर' हे गोल जोडसाधन उपयुक्त ठरते. त्याच्या झाकणाखाली दोन नोझले फिरत असल्याने फरशीवर पट्टे उमटत नाहीत आणि पाणीही अंगावर उडत नाही.

कोकण व गोव्यातील जांभ्या दगडाचे बांधकाम विशेष काळजी मागते. जांभा सच्छिद्र व तुलनेने मऊ असतो. जोरदार झोताने त्याचे कण सुटतात, छिद्रे मोठी होतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांत अधिक पाणी मुरून शेवाळ पुन्हा धरते. अशा भिंती किंवा पायऱ्यांसाठी ताठ केसांचा ब्रश व साधे पाणी श्रेयस्कर. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या व मंदिरांच्या भिंतींनाही हेच लागू पडते, कारण झोताने दगडांमधील चुना निघून जाऊ शकतो.

पुढील वस्तू उच्चदाबाने धुऊ नयेत:

- ॲसबेस्टॉस सिमेंटचे पत्रे: झोताने पत्र्याचा वरचा थर झिजून ॲसबेस्टॉसचे तंतू सुटतात. पाणी वाळल्यावर ते हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर आजार होऊ शकतात.
- जुना तैलरंग: भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असल्याने त्याचे टवके अंगणात उडवणे लहान मुलांना घातक ठरू शकते.
- कौलारू छप्पर: खालून वर मारलेला झोत कौलांच्या सांध्यांतून आत शिरतो आणि वासे भिजतात. शेवाळलेल्या उतारावर उभे राहून बंदूक चालवताना तोल जाण्याचाही धोका असतो.
- सौर पटल: काच टिकली तरी कडेचे सील व जोडण्या यांना इजा होऊ शकते.
- वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग: त्यावरील पातळ धातूच्या पट्ट्या वाकतात व हवेचा मार्ग अडतो.
- वीजमीटर, स्विच, दिवे व पाण्याच्या मोटरीची जोडणी.

काही उपकरणांवर 'आयपीएक्स५' असा जलरोधाचा दर्जा लिहिलेला असतो. तो साध्या नळीच्या पाण्याच्या झोतापुरता असतो. उच्चदाबाच्या जवळच्या झोतासाठीची चाचणी वेगळी असून तिचा दर्जा 'आयपीएक्स९' असा लिहिला जातो. म्हणून 'आयपीएक्स५' दर्जाचे बाहेरचे दिवे किंवा कॅमेरे प्रेशर वॉशर सहन करतीलच असे मानता येत नाही.

मोटरीचे प्रकार

घरगुती यंत्रांत दोन प्रकारच्या विद्युत मोटरी आढळतात. कार्बन ब्रश असलेली युनिव्हर्सल मोटर हलकी व स्वस्त असते. परंतु ती अतिशय वेगाने फिरत असल्याने आवाज अधिक होतो आणि ब्रश झिजतात. आठवड्यातून एकदा गाडी धुण्यासाठी ती पुरेशी ठरते. इंडक्शन मोटर जड व महाग असते, पण कमी वेगाने फिरते, कमी आवाज करते आणि दीर्घकाळ टिकते. मोठे अंगण असलेला बंगला, अनेक वाहने किंवा सलग तासभराचे काम असल्यास तिचा विचार करावा.

बॅटरीवर चालणारी यंत्रे सोयीची असली तरी त्यांचा दाब साधारणपणे कमी असतो. सायकल, खिडक्यांच्या जाळ्या व हलकी धूळ यांसाठी ती चालतात. जुने शेवाळ मात्र त्यांनी सहजी निघत नाही. पेट्रोल इंजिनाची यंत्रे वीज नसलेल्या ठिकाणी उपयोगी पडतात. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू असल्याने ती बंद वाहनतळात, तळघरात किंवा पाण्याच्या टाकीजवळ चालवणे जिवावर बेतू शकते.

पाणीपुरवठा

प्रेशर वॉशर पाणी निर्माण करत नाही. जितके आत येते तितकेच तो बाहेर फेकतो. आत येणारे पाणी अपुरे पडल्यास पंपात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि झडपा व सील झिजतात. या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. झोत धडधडत तुटक येणे आणि पंपाचा आवाज बदलणे ही तिची लक्षणे होत.

भारतातील बहुसंख्य घरांना गच्चीवरील टाकीतून पाणी मिळते. पाण्याच्या पातळीत १० मीटरचा फरक असल्यास सुमारे १ बार दाब तयार होतो. त्यामुळे तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर तो जेमतेम १ बार भरतो, तर टाकीच्या लगतच्या मजल्यावर ०.३ बारच्या आसपासच राहतो. खरेदीपूर्वी १० लिटरची बादली भरण्यास लागणारा वेळ मोजणे ही सोपी चाचणी आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी वापरणाऱ्या यंत्रासाठी ही बादली १०० सेकंदांच्या आत भरलीच पाहिजे; ती एका मिनिटात भरत असेल तर पुरवठा निश्चिंतपणे पुरेसा मानता येतो.

नळाचा प्रवाह कमी असल्यास पिंप किंवा बादलीतून पाणी ओढून घेणारे यंत्र निवडावे. सर्वच यंत्रांत ही सोय नसते. अशा वापरात पिंप यंत्राच्या पातळीजवळ ठेवावे, ओढनळीच्या टोकाला गाळणी लावावी आणि नळी आधी पाण्याने भरून घ्यावी. नोझल काढून यंत्र थोडा वेळ चालवल्यास आतील हवा निघून जाते. कूपनलिकेच्या पाण्यातील वाळू सील खरवडते, तर क्षारांमुळे नोझल बुजते. म्हणून अशा पाण्यासाठी प्रवेशमार्गावर स्वतंत्र गाळणी बसवणे हिताचे असते.

वीजजोडणी

२३० व्होल्टवर १,४०० वॅटचे यंत्र सुमारे ६ अँपिअर, १,८०० वॅटचे सुमारे ८ अँपिअर आणि २,२०० वॅटचे साडेनऊ अँपिअरहून अधिक प्रवाह घेते. भारतीय घरांतील लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे असते. त्यामुळे प्रेशर वॉशरसाठी १६ अँपिअरचे, भूसंपर्कन असलेले सॉकेटच वापरावे. वाहनतळात असे सॉकेट नसेल, तर यंत्राच्या किमतीबरोबर त्याचा खर्चही गृहीत धरावा लागतो.

पातळ व लांब जोडवायरमुळे मोटरीला मिळणारा व्होल्टेज घटतो, वायर तापते आणि मोटर जळू शकते. लांब अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तीन तारांची वायर वापरावी, गुंडाळी पूर्ण उलगडावी आणि जोड ओल्या जमिनीवर ठेवू नये. गळतीचा विद्युतप्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच वीज तोडणारा 'आरसीसीबी' हा खटका त्या जोडणीवर असणे अत्यावश्यक आहे. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या व्यक्तीला विजेच्या धक्क्यापासून वाचवणारे ते प्रमुख साधन होय.

सुरक्षितता

उच्चदाबाचा झोत त्वचा भेदून शरीरात शिरू शकतो. जखमेचे तोंड टाचणीच्या टोकाएवढे दिसत असले, तरी पाणी, साबण, घाण व जंतू आतील ऊतींत दूरवर पसरलेले असू शकतात. वरून मलमपट्टी करून वाट पाहिल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी जखम झाल्यास दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालयात जावे आणि ती उच्चदाबाच्या झोताने झाल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

झोत माणसांवर किंवा प्राण्यांवर रोखू नये आणि हात-पाय धुण्यासाठी वापरू नये. उडणारे खडे डोळ्यांना लागू शकतात; म्हणून संरक्षक चष्मा व बंद पादत्राणे वापरावीत. १०० बार आणि ६ लिटरच्या यंत्राची बंदूक सुमारे दीड किलोग्रॅम वजनाइतक्या बळाने मागे ढकलते. जमिनीवर ते सहज पेलते. शिडीवर मात्र चाप दाबताच तोल जाऊ शकतो. उंच भागासाठी जमिनीवरून वापरता येईल असा लांब दांडा घ्यावा. काम थांबवताना यंत्र व पाणी बंद करून चाप दाबावा, म्हणजे नळीत अडकलेला दाब निघून जातो. त्यानंतर चापाचा खटका लावून ठेवावा.

पाण्याचा वापर व पर्यावरण

प्रेशर वॉशर पाणी वाचवतो, हे विधान तुलना कशाशी केली जाते यावर अवलंबून आहे. मिनिटाला १५ लिटर पाणी सोडणाऱ्या साध्या नळीने २० मिनिटे गाडी धुतल्यास ३०० लिटर पाणी लागते. ६ लिटरच्या यंत्राने तेवढ्याच वेळात १२० लिटर. मात्र १५ लिटरच्या दोन-तीन बादल्या आणि फडके यांनी तेच काम ३० ते ४५ लिटरमध्ये होते. म्हणजे बचत होते ती नळीच्या तुलनेत, बादलीच्या तुलनेत नव्हे. टंचाईच्या काळात हा फरक महत्त्वाचा ठरतो. बंगळूर शहरात मार्च २०२४ मध्ये पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपये दंडाची तरतूद करण्यात आली होती.

धुलाईचे पाणी तेल, साबण व रंगाचे कण घेऊन जाते. ते पावसाळी गटारात गेल्यास बहुधा प्रक्रिया न होता नाल्यात व नदीत मिसळते. साबण मोजका व सौम्य असावा. तो यंत्राच्या साबणकुपीतून कमी दाबानेच सोडावा. ब्लीच किंवा आम्ल पंपातून सोडल्यास सील व धातूचे भाग खराब होतात.

देखभाल

प्रत्येक वापरानंतर साबणकुपीतून स्वच्छ पाणी सोडावे, प्रवेशमार्गाची गाळणी धुवावी आणि नळी पीळ न पडता गुंडाळावी. झोत तिरका किंवा तुटक येत असल्यास प्रथम नोझल बारीक सुईने साफ करून पाहावे. नळीला फुगा, चीर किंवा उघडी जाळी दिसल्यास ती पट्टी लावून न वापरता बदलावी. जेथे तापमान शून्याखाली जाते, तेथे पंपातील सर्व पाणी काढणे आवश्यक असते. गोठलेले पाणी प्रसरण पावून पंपाला तडा देते. सील, नोझल, नळी आणि कार्बन ब्रश हे झिजणारे भाग असल्याने ते स्थानिक बाजारात मिळतात का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

निवडीचा क्रम

यंत्र निवडताना कामापासून सुरुवात करून दाबाच्या आकड्याकडे शेवटी येणे सोयीचे ठरते. प्रथम धुण्याच्या पृष्ठभागांची यादी करून त्यांतील सर्वांत नाजूक पृष्ठभाग कोणता हे ठरवावे. नंतर पाण्याची बादलीची चाचणी घ्यावी आणि वाहनतळात १६ अँपिअरचे सॉकेट व आरसीसीबी आहे का ते पाहावे. त्यानंतर कार्यकारी दाब व प्रवाह यांवरून शक्तीचे गणित करून छापील आकडे तपासावेत. शेवटी नोझलांची विविधता, नळीची लांबी, वजन आणि सुट्या भागांची उपलब्धता यांची तुलना करावी.

एक मोटारगाडी, दुचाकी व लहान अंगण असलेल्या कुटुंबास ९० ते ११० बार कार्यकारी दाब आणि मिनिटाला ६ लिटर प्रवाहाचे यंत्र सहसा पुरते. मोठ्या काँक्रीट अंगणासाठी १२० ते १५० बार आणि ७ ते ८ लिटरचे, शक्यतो इंडक्शन मोटरीचे यंत्र योग्य ठरते. ज्या घरी फक्त एक दुचाकी आणि सज्जातील फरशी धुवायची असते, तेथे बादली, ब्रश व फडके पुरेसे असतात. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर शेवाळ काढण्यापुरते काम असेल, तर यंत्र भाड्याने घेणे किंवा गृहनिर्माण संस्थेने सामाईक यंत्र ठेवणे अधिक किफायतशीर होते.